सर्व्हरची 'बंद खोली' आतून कशी उघडते? चरूट, कंटेनर आणि /डेव्ह फोल्डरची गोष्ट

सोलापुरात नवख्या माणसाला पत्ता सांगायचा असेल तर एक सोय असते. 'आधी सात रस्त्यावर ये, मग तिथून सांगतो.' चौक एक, तिथून फुटणारे रस्ते अनेक. एकदा चौक सापडला की कुठला रस्ता धरायचा एवढाच प्रश्न उरतो.

जगातले बहुतेक सर्व्हर ज्या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात, त्यांच्या पोटातही असाच एक चौक असतो. त्याला म्हणतात 'रूट डिरेक्टरी'. प्रत्येक फाइलचा पत्ता तिथूनच सुरू होतो. आणि त्या पत्त्याला कॉम्प्युटरच्या भाषेत म्हणतातही 'पाथ', म्हणजे रस्ताच!

आता समजा, एखाद्या माणसाला तुम्ही खोटा सात रस्ता दाखवला. त्याला वाटतंय आपण चौकात उभे आहोत, पण प्रत्यक्षात तो एका बंद आवारात आहे आणि तिथले रस्ते आवाराच्या भिंतीपाशीच संपतात. सर्व्हरच्या दुनियेत ही युक्ती १९७९ पासून वापरली जातेय. तिचं नाव 'चेंज रूट', लिहिताना 'सीएच-रूट' आणि बोलताना 'चरूट'.

२०२५ मध्ये या युक्तीशी संबंधित दोन मोठ्या त्रुटी जगासमोर आल्या. दोन्ही वेळी भिंत शाबूत होती. गडबड झाली ती भिंतीच्या आत काय पोचवलं जातं आणि आतल्या कुठल्या वस्तूवर विश्वास ठेवला जातो, यात. हे प्रकरण काय आहे आणि फक्त मोबाइल वापरणाऱ्या माणसानेही ते का समजून घ्यावं, ते एकेक करून पाहूया.

२०२५ मध्ये नेमकं काय घडलं?

पहिली घटना ३० जून २०२५ ची. लिनक्समध्ये 'सुडो' नावाचा एक प्रोग्रॅम असतो. साध्या युजरला तात्पुरते मालकाचे अधिकार द्यायचे असतील तर तो वापरतात. या सुडोच्या चरूट पर्यायात एक गंभीर त्रुटी सापडली. तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-३२४६३. स्ट्राटास्केल या कंपनीतले संशोधक रिच मर्च यांनी ती शोधली. सर्व्हरवर साधं खातं असलेला कुणीही, सुडोची परवानगी नसतानाही, तिच्या मदतीने त्या मशीनचा पूर्ण मालक होऊ शकत होता. २९ सप्टेंबरला अमेरिकेच्या 'सिसा' या सायबर सुरक्षा यंत्रणेने ही त्रुटी 'प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरली जात असलेल्या' त्रुटींच्या यादीत टाकली.

दुसरी घटना ५ नोव्हेंबर २०२५ ची. 'रन-सी' नावाच्या प्रोग्रॅममधल्या तीन त्रुटी एकाच वेळी जाहीर झाल्या. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण डॉकर आणि कुबरनेटीस यांच्या खाली कंटेनर सुरू करण्याचं काम बहुतेक ठिकाणी हाच प्रोग्रॅम करतो. तीनपैकी दोन त्रुटी थेट बंद खोलीत डिव्हाइसच्या फाइली जोडण्याच्या पद्धतीतल्या होत्या.

हे कळायला आधी तो चौक नीट बघावा लागेल.

रूट डिरेक्टरी म्हणजे कोणता चौक?

विंडोजमध्ये सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह असे वेगवेगळे कप्पे दिसतात. युनिक्स आणि लिनक्समध्ये तसं नसतं. तिथे सगळ्याची सुरुवात एका तिरक्या रेघेपासून होते: '/'. हाच चौक.

तिथून दहा-वीस रस्ते फुटतात. आपण सात महत्त्वाचे घेऊ:

- /बिन : रोजचे प्रोग्रॅम
- /ईटीसी : सेटिंगच्या फाइली
- /होम : युजरच्या स्वतःच्या फाइली
- /यूएसआर : बाकीचे प्रोग्रॅम आणि त्यांना लागणारं साहित्य
- /व्हार : सतत बदलणारी माहिती, नोंदी, लॉग
- /प्रोक : सध्या काय चालू आहे याची कर्नलकडून मिळणारी माहिती
- /डेव्ह : डिव्हाइसेस

यातला शेवटचा रस्ता आपल्या गोष्टीचा नायकही आहे आणि खलनायकही.

युनिक्सची एक जुनी पद्धत अशी की शक्य तिथे प्रत्येक गोष्ट फाइलसारखी दाखवायची. हार्ड डिस्क? /डेव्ह मधली एक फाइल. टर्मिनल? तीही फाइल. मात्र या फाइलींमध्ये मजकूर साठवलेला नसतो. त्यांच्यावर दोन क्रमांक लिहिलेले असतात. पहिला सांगतो की कर्नलमधल्या कोणत्या ड्रायव्हरकडे जायचं, दुसरा सांगतो की त्याच्याकडच्या नेमक्या कोणत्या डिव्हाइसकडे. लिनक्सवर /डेव्ह/नलचे क्रमांक १ आणि ३ असतात, तर पहिल्या हार्ड डिस्कचे साधारणपणे ८ आणि ०.

म्हणजे ही फाइल नुसतं एक दार आहे. फाइल कुठेही ठेवा, दार उघडतं ते थेट कर्नलमध्ये. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं जाईल.

चरूट काय करतं आणि काय करत नाही?

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत चरूटची सोय आली. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं, 'आजपासून हा अमुक फोल्डर म्हणजेच तुझा चौक.' त्यानंतर तो प्रोग्रॅम '/' म्हणाला की त्याला तो फोल्डरच दिसतो. त्याबाहेरच्या फाइलीचा पत्ता सांगण्याची सोयच त्याच्याकडे उरत नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या एटी अँड टी बेल लॅब्जमधले बिल चेसविक यांनी एका घुसखोराला अशाच बंद आवारात खेळवत ठेवून त्याच्या हालचाली पाहिल्या होत्या. तेव्हापासून अशा आवाराला 'जेल' म्हणण्याची पद्धत रूढ होत गेली.

पण हे जेल खरं तुरुंग आहे का? नाही. लिनक्सच्या अधिकृत माहितीपत्रकातच स्पष्ट लिहिलंय की चरूट हे सुरक्षेसाठी बनवलेलं साधन नाही. ते फक्त पत्ता शोधण्याची पद्धत बदलतं. आतला प्रोग्रॅम 'रूट' युजर म्हणून, म्हणजे मालकाच्या अधिकाराने चालत असेल तर बाहेर पडायच्या युक्त्या कित्येक दशकांपासून सगळ्यांना माहीत आहेत. नेटवर्क, चालू असलेले इतर प्रोग्रॅम, मशीनचं घड्याळ यांना चरूट हातही लावत नाही.

बंद खोलीत डिव्हाइस लागतातच कशाला?

कोणी म्हणेल, मग /डेव्ह आत देऊच नका. पण एवढं सोपं नाही.

एखाद्या प्रोग्रॅमला नको असलेला मजकूर फेकून द्यायचा असतो. तो /डेव्ह/नल मध्ये टाकतो. ही सर्व्हरची कचरापेटी, कितीही टाका, भरत नाही. आता खोलीत ही पेटीच नसेल आणि प्रोग्रॅमला तिथे लिहायचा अधिकार असेल तर काय होतं? 'नल' नावाची साधी फाइल तयार होते आणि कचरा तिच्यात साठत जातो. काही दिवसांनी डिस्क भरल्याचा इशारा येतो आणि कारण कुणालाच सापडत नाही.

पासवर्ड किंवा पैशांचा व्यवहार गुप्त ठेवायचा तर अंदाज न लागणारे आकडे लागतात. ते मिळवायची जुनी आणि सर्रास वापरली जाणारी जागा म्हणजे /डेव्ह/यूरँडम. ती नसेल तर कित्येक प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत.

घरातलं उदाहरण घ्या. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू टाकणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव नवा नाही. कधीतरी लॅपटॉप उबुंटूत जायचंच बंद करतो. मग मित्र सांगतो, 'पेनड्राइव्हवरून चालू कर, आतली डिस्क माउंट कर, /डेव्ह, /प्रोक आणि सिस ही तिन्ही तिथे बाइंड कर, मग चरूट करून ग्रब पुन्हा टाक.' इथे 'माउंट' म्हणजे एखादी फाइल सिस्टिम चौकातल्या एखाद्या रस्त्याला जोडणं. 'बाइंड' म्हणजे एका ठिकाणचा फोल्डर दुसऱ्या ठिकाणीही तसाच दिसेल असं करणं. ग्रबला डिस्कच्या सुरुवातीच्या भागात लिहायचं असतं, म्हणून त्याला खरी डिस्क दिसावी लागते. /डेव्ह आत जोडल्याशिवाय ती दिसत नाही.

इथे अख्खं /डेव्ह आत देणं बरोबरच आहे. लॅपटॉप तुमचा, खोली तुमची, आत जाणारेही तुम्हीच.

मग धोका कुठे सुरू होतो?

हीच कृती नेटवरून कॉपी करून सर्व्हरवर केली की धोका सुरू होतो. सर्व्हरवर खोलीच्या आत बसलेला माणूस परका असतो. त्याच्यासाठीच तर खोली बांधलेली असते.

मिरवणुकीच्या दिवशी चौकातले सगळे रस्ते बॅरिकेड लावून बंद केले आणि एक बोळ तेवढा उघडा ठेवला, तर रस्ता बंद झाला असं म्हणता येईल का? अख्खं /डेव्ह आत जोडणं म्हणजे तो बोळ उघडा ठेवणं. पत्त्याने बाहेर जाता येत नाही, हे खरं. पण खोलीतच हार्ड डिस्कचं दार उभं आहे. आतल्या माणसाकडे मालकाचे अधिकार असतील तर तो अख्खी डिस्क वाचेल, इतरांच्या फाइली बघेल, पासवर्डची फाइल बदलेल. भिंत ओलांडायची गरजच काय?

डॉकरमध्ये 'प्रिव्हिलेज्ड' नावाचा एक पर्याय आहे. तो दिला की मूळ मशीनची सगळी डिव्हाइसेस कंटेनरला उपलब्ध होतात. काहीतरी चालत नसलं की 'हे लावून बघ, चालेल' असा सल्ला मिळतो, आणि खरंच चालतं. पण कुलूप घट्ट बसतंय म्हणून दारच काढून ठेवल्यासारखं ते असतं.

दुसरा धोका हल्ल्याचा नाही, आपल्याच हाताचा आहे. काम झालं की चरूटचा फोल्डर नको म्हणून डिलीट करायचा असतो. पण आत बाइंड केलेलं सोडवलं का, हे पाहायचं राहून जातं. बाइंड केलेला फोल्डर ही प्रत नसते, तो मूळ फोल्डरच असतो. आत /डेव्ह जोडलेलं असेल तर चालू मशीनमधल्या डिव्हाइसच्या फाइली उडतात. त्या बहुधा रीस्टार्ट केल्यावर परत येतात. पण आत /होम जोडलेलं असेल तर लोकांच्या खऱ्या फाइली जातात, आणि रीस्टार्टने त्या परत येत नाहीत. म्हणून क्रम कायम ठरलेला: आधी अनमाउंट, मग खात्री, मगच डिलीट.

यावर आधी कुणी उपाय शोधला नव्हता का?

शोधला होता, आणि चांगला शोधला होता.

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमने मार्च २००० मधल्या ४.० आवृत्तीत 'जेल' आणलं. पॉल-हेनिंग काम्प यांचं हे काम. चरूट फक्त फाइलींचा पत्ता बदलत होतं; जेलने आतल्या मालकाचे अधिकारही कापले. आत तुम्ही रूट असाल, पण तो त्या खोलीपुरता.

पुढे डिव्हाइसच्या फाइलींसाठी फ्रीबीएसडीमध्ये 'डेव्ह-एफएस' नावाची वेगळी फाइल सिस्टिम रुळली. प्रत्येक जेलमध्ये ती स्वतंत्रपणे माउंट करता येते आणि सोबत नियमांची यादी देता येते. जेलसाठीच्या तयार यादीची रीत अशी: आधी सगळं लपवा. मग नल, झीरो, रँडम, टर्मिनल अशी मोजकीच डिव्हाइसेस पुन्हा दाखवा. डिस्क दिसतच नाही.

या क्रमातच शहाणपण आहे. 'धोकादायक ते काढा' म्हटलं तर एखादं राहून जातं. 'सगळं बंद, गरजेपुरतं उघडा' म्हटलं तर नवं डिव्हाइस आलं तरी ते आपोआप बंदच राहतं.

लिनक्सने वेगळ्या वाटेने तेच गाठलं. २००२ पासून तिथे 'नेमस्पेस' येत गेले, म्हणजे प्रत्येक खोलीला माउंटची स्वतःची वेगळी यादी. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हे सगळं एकत्र बांधून सोपं केलं. आजच्या कंटेनरच्या सर्वमान्य नियमांतही नल, झीरो, फुल, रँडम, यूरँडम, टीटीवाय अशी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच डिव्हाइसेस आत देण्याची पद्धत आहे.

मग एवढं सगळं असताना २०२५ मध्ये चुकलं कुठे?

सुडोने कुणावर विश्वास ठेवला?

सुडोमध्ये एक पर्याय होता: 'हा प्रोग्रॅम अमुक फोल्डरला चौक मानून चालव.' कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही, हे तपासायचं काम सुडोचं. पण २०२३ मध्ये आलेल्या १.९.१४ या आवृत्तीत एक बदल झाला. ही तपासणी पूर्ण व्हायच्या आधीच सुडो युजरने सांगितलेल्या फोल्डरमध्ये शिरू लागलं.

तिथे शिरल्यावर युजरची माहिती कुठून घ्यायची हे ठरवायला सुडोने /ईटीसी मधली एक सेटिंग फाइल वाचली. पण आता चौकच बदललेला! ही फाइल खऱ्या मशीनची नव्हती, हल्लेखोराने स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवलेली होती. तिच्यात त्याने स्वतःच्या कोडचं नाव टाकलेलं असायचं. सुडोने तो कोड उचलला आणि मालकाच्या अधिकाराने चालवला.

पहारेकऱ्याने ओळखपत्र तपासायच्या आधीच पाहुण्याच्या घरी जावं, आणि तिथे पाहुण्यानेच लिहिलेली परवानगीची यादी खरी मानावी, असा हा प्रकार.

१.९.१७पी१ या आवृत्तीत हे दुरुस्त झालं आणि चरूटचा तो पर्यायच मोडीत काढायचं ठरलं. गंमत म्हणजे ज्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती ते वाचले. डेबियन १२ मध्ये सुडो १.९.१३ होतं, त्यामुळे तिथे ही त्रुटी नव्हतीच. पण म्हणून 'अपडेट न करणंच बरं' असा निष्कर्ष काढू नका. इतर त्रुटी जुन्यातच असतात.

आणि रन-सीच्या बाबतीत काय झालं?

इथे आपली कचरापेटी परत येते.

कंटेनरमध्ये /प्रोक दिसावं लागतं, पण त्यातल्या काही फाइली आतल्या माणसाला दिसणं धोक्याचं असतं. रन-सी त्या झाकतो. कशाने? त्या फाइलींवर /डेव्ह/नल माउंट करून. वाचायला गेलं की रिकामं मिळतं.

सीव्हीई-२०२५-३११३३ ही त्रुटी इथेच होती. रन-सी जे /डेव्ह/नल वापरत होता ते कंटेनरच्या आतलं. ते खरोखर नल आहे का, याची पुरेशी खात्री तो करत नव्हता. हल्लेखोर त्याजागी एक सिम्लिंक ठेवू शकत होता, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारी पाटी. ती पाटी कर्नलच्या एखाद्या नाजूक सेटिंगकडे वळवली की रन-सी स्वतःच्या हाताने ती सेटिंग लिहिता येईल अशा रीतीने आत जोडून द्यायचा.

अशी एक सेटिंग म्हणजे 'कोअर पॅटर्न'. एखादा प्रोग्रॅम कोसळला तर पुढे काय चालवायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. हल्लेखोराने तिथे स्वतःच्या प्रोग्रॅमचं नाव लिहायचं आणि मग मुद्दाम काहीतरी कोसळवायचं. कर्नल त्याचा प्रोग्रॅम खोलीच्या बाहेर, मालकाच्या अधिकाराने चालवतो. झालं, खोली उघडली.

दुसरी त्रुटी, सीव्हीई-२०२५-५२५६५, साधारण याच जातीची. पण /डेव्ह/कन्सोल जोडतानाची. तिसरी, सीव्हीई-२०२५-५२८८१, मध्ये रन-सी /प्रोक मध्ये जे लिहितो ते भलत्याच फाइलीकडे वळवता येत होतं.

यासाठी हल्लेखोराला माउंटच्या हव्या तशा सेटिंगसह कंटेनर सुरू करता यायला हवा. म्हणजे वाटेवरून जाणारा कुणीही लांबून हे करू शकत नाही. पण अनोळखी ठिकाणची कंटेनरची तयार इमेज उतरवून चालवली तर ती सोय आपणच त्याला करून देतो. रन-सीच्या १.२.८ आणि १.३.३ या आवृत्त्यांत दुरुस्ती आली.

अशी वेळ पहिली नव्हती. २०१९ आणि २०२४ मध्येही रन-सीमधून बाहेर पडायच्या वाटा सापडल्या होत्या. प्रत्येक वेळी कारण वेगळं, पण सूत्र तेच: आतल्या वस्तूला बाहेरच्याने खरं मानलं.

सोलापुरातल्या माणसाचा याच्याशी काय संबंध?

समजा तुमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि निर्यातीसाठी एक छोटी वेबसाइट आहे. वर्षाला काही हजार रुपये भरून तुम्ही 'शेअर्ड होस्टिंग' घेतलंय. शेअर्ड म्हणजे त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो वेबसाइट असू शकतात. कुणाचं हॉटेल, कुणाचा क्लास, कुणाची पतसंस्था. प्रत्येकाला वाटतं अख्खा सर्व्हर आपलाच, कारण प्रत्येकाला स्वतःची बंद खोली मिळालेली असते. 'केज-एफएस' सारखी साधनं हेच काम करतात. शेजारच्या खोलीतल्या माणसाने वेबसाइटचं जुनं सॉफ्टवेअर अपडेट केलं नाही, तिथून कुणी आत शिरलं, तर तुमच्या ग्राहकांची यादी आणि त्या घुसखोराच्या मध्ये फक्त ही भिंत असते.

मोठ्या कंपन्यांचंही असंच. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत क्लाउडची केंद्रं सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत. अशा केंद्रांत एकाच मशीनवर अनेक कंटेनर शेजारी शेजारी चालतात. तिथे अनोळखी ग्राहकांना वेगळं ठेवायला कंटेनरच्या भिंतीबाहेर व्हर्च्युअल मशीनची आणखी एक भिंत घालतात. छोट्या होस्टिंगवाल्याकडे ही दुसरी भिंत असेलच असं नाही.

भिंत नसली की काय होतं, याचा अंदाज बँकांच्या एका घटनेतून येतो. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. तो हल्ला चरूटमधला नव्हता, हे आधीच स्पष्ट करतो. पण तेव्हा एनपीसीआयने ३१ जुलैला या कंपनीचा आपल्या पेमेंट यंत्रणेशी असलेला संपर्क तात्पुरता तोडला. रॉयटर्सच्या बातमीनुसार सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. सेवा १ ऑगस्टला पूर्ववत झाली. एका पुरवठादाराकडे गडबड झाली आणि त्याच्याशी दूरचाही संबंध नसलेल्या खातेदाराचं यूपीआय थांबलं. नुकसान एका खोलीपुरतं ठेवणं याला एवढं महत्त्व का, ते इथे दिसतं.

तुमच्या फोनमध्येही हीच खोली आहे!

अँड्रॉइड लिनक्सच्या कर्नलवर चालतं. तिथे प्रत्येक ॲपला वेगळा युजर मानलं जातं. त्यामुळे रील्सचं ॲप बँकेच्या ॲपच्या फाइली वाचू शकत नाही.

आणि डिव्हाइस? ॲपला कॅमेऱ्याची फाइल थेट दिली जात नाही. मध्ये अँड्रॉइडची एक सेवा बसलेली असते आणि ती तुम्हाला विचारते, 'या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा का?' हा तोच प्रश्न आहे जो सर्व्हरवर /डेव्ह जोडताना ॲडमिनने स्वतःला विचारायचा असतो: या खोलीला हे डिव्हाइस खरंच लागतं का? टॉर्चच्या ॲपने मायक्रोफोन मागितला आणि आपण घाईत 'अलाऊ' दाबलं, तर आपणही अख्खं /डेव्ह आत जोडणाऱ्या ॲडमिनइतकेच निष्काळजी ठरतो.

खोली उघडलीच तर जबाबदार कोण?

सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं कंपन्यांना आणि डेटा सेंटरना बंधनकारक आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे रन-सीच्या त्रुटी जाहीर झाल्या त्याच महिन्यात अधिसूचित झाले. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्यालाही कळवावं लागेल. मात्र यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिलीये.

'आमच्याकडे कंटेनर होते, म्हणून आम्ही सुरक्षित होतो' एवढं म्हणणं तेव्हा पुरेसं ठरेल का? आत काय जोडलं होतं, अपडेट कधी केलं होतं, हे प्रश्न येणारच.

मग करायचं काय?

*फोन वापरत असाल तर:* सेटिंगमध्ये जाऊन कोणत्या ॲपला कॅमेरा, माइक, लोकेशन दिलंय ते एकदा बघा. न लागणाऱ्या परवानग्या काढा.

*वेबसाइट किंवा दुकानाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर* पुरवठादाराला तीन प्रश्न विचारा. एकाच सर्व्हरवरच्या ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं कसं ठेवता? सुडो आणि रन-सीच्या २०२५ च्या दुरुस्त्या टाकल्या का? बॅकअप त्याच मशीनवर आहे की दुसरीकडे? उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच समजा.

*विद्यार्थी असाल किंवा सर्व्हर सांभाळत असाल तर:*

- स्वतःच्या लॅपटॉपच्या दुरुस्तीसाठी अख्खं /डेव्ह बाइंड करा, हरकत नाही. परक्यांसाठीच्या खोलीत फक्त लागतील तेवढीच डिव्हाइसेस द्या.
- जिथे डिव्हाइसच्या फाइली असायचं कारण नाही, तिथे माउंट करताना 'नोडेव्ह' पर्याय लावा. मग कुणी तिथे अशी फाइल बनवली तरी ती दार म्हणून चालत नाही.
- आतला प्रोग्रॅम रूट म्हणून चालवू नका. युजर नेमस्पेस किंवा रूटलेस कंटेनर वापरा. रन-सीच्या त्रुटींवरही हाच बचाव सुचवला गेला होता.
- 'प्रिव्हिलेज्ड' लावून काम झालं म्हणून थांबू नका. नेमकं कोणतं डिव्हाइस कमी पडत होतं ते शोधा आणि तेवढंच द्या.
- फोल्डर डिलीट करण्याआधी आत काही माउंट राहिलंय का ते तपासा. दरवेळी.

सुडोची त्रुटी जाहीर झाली त्याच दिवशी तिची दुरुस्तीही आली होती. तरीही तीन महिन्यांनी ती हल्ल्यांत वापरली जात असल्याच्या यादीत गेली. दुरुस्ती उपलब्ध होती, ती न टाकलेली मशीन हल्लेखोरांना सापडत होती. तुमचं काम ज्या सर्व्हरवर चालतं, तो त्यातला एक आहे का? हा प्रश्न तुमच्या होस्टिंगवाल्याला आजच एका मेसेजमध्ये विचारता येईल.